ही रांग कोणी लावली?



रांगेबद्दल आपल्याला कोणी शिकवायला नको. रॉकेलची रांग, टँकरची रांग, रेशनच्या साखरेची रांग, दाखल्यासाठी तहसील कचेरीतली रांग. बायकांच्या आयुष्यातले किती तास या रांगांनी खाल्ले याचा हिशेब कुठल्याच खात्याने ठेवलेला नाही. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात मुंबईत बायका लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. तेव्हापासून रांग दिसली की एक प्रश्न विचारायची सवय आपल्या चळवळीला लागली आहे. माल कमी आहे म्हणून रांग आहे, की कोणी माल अडवून ठेवला आहे म्हणून?

या अंकात मी ज्या रांगेबद्दल लिहिते आहे ती डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत आता कागदी पुस्तकांच्या जोडीला डिजिटल पुस्तकेही घरी न्यायला मिळतात. वाचक आपल्या कार्डाचा नंबर घालून पुस्तक फोनवर उतरवून घेते, मुदत संपली की ते आपोआप परत जाते. दंड नाही, हेलपाटा नाही, पैसेही नाहीत. आणि तरीही गाजलेल्या पुस्तकासाठी शेकडो वाचक नंबर लावून कित्येक महिने थांबलेले असतात. आमच्या अभ्यासगटात हे बोलणे निघाले तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "अगं, पण ती फाइलच ना? फाइल संपते कशी?"

फाइल संपत नाही. ती संपल्यासारखी वागेल अशी व्यवस्था केलेली असते.

कागदी पुस्तक ग्रंथालयाने एकदा विकत घेतले की ते ग्रंथालयाचे झाले. अमेरिकेत हे तत्त्व जुने आहे. एका प्रकाशकाने कादंबरीत छापले होते की हे पुस्तक एक डॉलरहून कमी किमतीला विकू नये. मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०८ मध्ये निकाल लागला: एकदा विकलेल्या प्रतीवर प्रकाशकाची हुकमत उरत नाही. या तत्त्वावर ग्रंथालये पुस्तक पन्नास जणींना देतात, बाइंडिंग करून पुन्हा देतात, जीर्ण झाले की जुन्या पुस्तकांच्या विक्रीत काढतात. कोणाला विचारावे लागत नाही.

डिजिटल पुस्तक मात्र बहुतेक प्रकाशक ग्रंथालयाला विकतच नाहीत. ते परवाना देतात, म्हणजे भाड्याने देतात, आणि भाड्याच्या अटी मालक ठरवतो. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक, ही पहिली अट. म्हणून रांग. मुदत ही दुसरी. २०११ मध्ये हार्पर कॉलिन्सने ठरवले की एक परवाना २६ वेळा दिला की संपला. दोन आठवड्यांचा एक वाचक धरला तर बरोबर एक वर्ष. २०१८ मध्ये पेंग्विन रँडम हाउसने कायमचे परवाने बंद करून दोन वर्षांचे आणले, २०१९ मध्ये आशेट आणि सायमन अँड शूस्टर त्याच वाटेने गेले. वाचकाला जे डिजिटल पुस्तक साधारण १५ डॉलरला मिळते त्याचा दोन वर्षांचा परवाना ग्रंथालयाला ५५ डॉलरच्या आसपास पडतो. आपल्या पैशांत साडेचार ते पाच हजार रुपये. दोन वर्षांनी पुस्तक फडताळातून नाहीसे होते. वाचणारे असोत वा नसोत, हवे असेल तर पुन्हा भरा.

आता ग्रंथपालाच्या खुर्चीत बसून पाहा. एका नव्या कादंबरीसाठी ३०० जणांनी नंबर लावला आहे. दर दहा नंबरांमागे एक परवाना घ्यायचा, असा तिच्या ग्रंथालयाचा नियम आहे असे धरू. म्हणजे ३० परवाने, १,६५० डॉलर. एवढे भरूनही प्रत्येक परवान्यामागे दहा वाचक राहतात. तीन आठवड्यांची मुदत धरली तर शेवटच्या वाचकाची पाळी सहा महिन्यांनंतर येते. तोवर तिसऱ्याच पुस्तकाची चर्चा सुरू झालेली असते, आणि वर्षभरात या ३० परवान्यांतले बरेचसे रिकामे पडलेले असतात. कागदी प्रती असत्या तर जास्तीच्या विकून चार पैसे तरी आले असते. इथे तेही नाही. आणि याच पैशांत स्थानिक इतिहास, बालवाचन, नव्या कवयित्री, परदेशी भाषांतली पुस्तके, सगळेच बसवायचे.

मग ती काय करते? तिच्याजवळ जे उपाय आहेत ते पाहिले की रेशनिंग खात्याची आठवण येते. नंबरांमागे परवान्यांचे प्रमाण ती बदलते. दहाला एक होता तो पंधराला एक करते. मुदत तीन आठवड्यांवरून दोनवर आणते. काही परवाने रांगेबाहेर ठेवते, म्हणजे ज्या वाचकाने नेमका त्या दिवशी ॲप उघडला त्याला आठवडाभरासाठी ते मिळते. नशिबाची चिठ्ठीच म्हणा. नंबर आला तरी वाचायला सवड नसेल तर 'मला नंतर द्या' म्हणता येते, म्हणजे पाळी फुकट जात नाही. लहान गावांची ग्रंथालये एकत्र येऊन परवाने घेतात. त्यात सोय आहे, पण रांगही सगळ्यांची एकच होते. दुसरा एक प्रकार आहे, 'हूपला' नावाच्या सेवेचा. तिथे रांगच नाही. पुस्तक लगेच मिळते आणि प्रत्येक वाचकामागे ग्रंथालयाला बिल येते. वाचकांना ही सेवा फार आवडते, आणि नेमके म्हणूनच ग्रंथालयांचे अंदाजपत्रक कोसळते. मग एका कार्डावर महिन्याला इतकीच पुस्तके अशी मर्यादा येते, ती दरवर्षी खाली सरकते, आणि काही ग्रंथालयांनी तर शेवटी सेवाच बंद केली.

सर्वात बोलका उपाय सिॲटलच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा. एका वाचकाने एका वेळी जास्तीत जास्त २५ डिजिटल पुस्तकांसाठी नंबर लावावा असा तिथला नियम होता. २०२४ च्या मार्चमध्ये ही मर्यादा १० वर आणली. नंबर कमी लागले की नियमाप्रमाणे घ्यायचे परवाने कमी होतात, खर्च आटोक्यात राहतो. मी ग्रंथालयाला दोष देत नाही. पण समाजकार्य शिकताना 'गरज' आणि 'मागणी' यांतला फरक आम्हाला घोकून घ्यावा लागला होता, तो इथे उपयोगी पडतो. कागदावरची मागणी कमी झाली. वाचायची गरज होती तेवढीच राहिली.

वाचकही आपल्या युक्त्या काढतात. चार शहरांची कार्डे जमवून चार रांगांत उभे राहणारे आहेत. किंडलचे इंटरनेट बंद करून ठेवले की मुदत संपली तरी पुस्तक आत राहते, हे तर तिथे सर्वांनाच ठाऊक आहे. (रेशन दुकानात दुसऱ्याचे कार्ड घेऊन उभ्या राहणाऱ्या आपल्या शेजारणीपेक्षा या फार वेगळ्या नाहीत.) पण चार कार्डे जमवायला माहिती लागते, सवड लागते, काही ठिकाणी पैसेही लागतात. जिच्याजवळ ती नाहीत ती एकाच रांगेत, शेवटी.

तुम्ही म्हणाल, त्या श्रीमंत देशातल्या कादंबऱ्यांच्या रांगेशी आपल्या मासिकाचा काय संबंध? संबंध रांगेत कोण आहे याचा आहे. पंधरा डॉलर सहज टाकू शकणारी बाई रांगेत नसतेच, ती त्याच रात्री पुस्तक वाचायला घेते. रांगेत असते ती रात्रपाळीची परिचारिका, जिच्या सुट्टीत ग्रंथालय बंद असते. अंथरुणाला खिळलेल्या आईला सोडून बाहेर पडता न येणारी मुलगी. डोळे अधू झाल्याने अक्षर मोठे करून वाचणारी आजी. भांडी घासताना कानाला लावून ऐकणारी बाई. ऐकायची पुस्तके तर ग्रंथालयाला वाचायच्या पुस्तकांहूनही महाग पडतात. माझी मावसबहीण सिॲटलजवळ राहते. नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेला व्हिसा, त्यामुळे तिला कमावण्याची परवानगी नाही. हातात स्वतःचा पैसा नाही तेव्हा ग्रंथालयाचे कार्ड ही तिच्या स्वतःच्या नावाची पहिली वस्तू होती, असे ती सांगते. एम.एस्सी. झालेली ही बाई एका पुस्तकाची पाच महिने वाट पाहते, कारण नवऱ्याकडे कादंबरीसाठी पैसे मागणे तिला नको वाटते. मराठी पुस्तक तिला त्या ॲपवर अजून सापडलेले नाही.

डिजिटल पुस्तकाला मुखपृष्ठ नसते, हीसुद्धा बाईच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. काय वाचतेस हे शेजारच्या खाटेवरून दिसत नाही. अमेरिकेतल्या अनेक शाळांतून आणि ग्रंथालयांतून गेल्या काही वर्षांत देहाविषयी, लैंगिकतेविषयी, वर्णद्वेषाविषयीची पुस्तके काढून टाकली गेली. ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने एप्रिल २०२२ मध्ये १३ ते २१ वयाच्या, देशात कुठेही राहणाऱ्या मुलामुलींना डिजिटल पुस्तकांचे कार्ड फुकट द्यायला सुरुवात केली. सिॲटलही नंतर त्यात आले. एखाद्या लहान गावातली मुलगी गावच्या मंडळींनी नाकारलेले पुस्तक अशा रीतीने मिळवू शकते. हे या तंत्राचे बळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या चाव्या कोणाकडे आहेत हे विचारायला हवे.

चाव्यांचे बघा. तिथल्या बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालयांची डिजिटल पुस्तके ओव्हरड्राइव्ह या एकाच कंपनीमार्फत जातात. लिबी हे ॲप तिचेच. २०२३ या एका वर्षात तिच्यामार्फत ६६ कोटींहून अधिक वेळा पुस्तके वाचकांकडे गेली. २०२० मध्ये ही कंपनी केकेआर या गुंतवणूकदार कंपनीने घेतली. त्याच केकेआरने २०२३ मध्ये सायमन अँड शूस्टर ही प्रकाशनसंस्थाही विकत घेतली. पुस्तक भाड्याने देणारा आणि ते ग्रंथालयात पोचवणारा, दोघांचा मालक आता एक आहे.

प्रकाशकांची बाजूही ऐकायला हवी, नाहीतर आपण नुसत्याच घोषणा देत राहू. कागदी पुस्तक झिजते, हरवते. फाइल झिजत नाही. घरबसल्या फुकट मिळत असेल तर विकत कोण घेईल, असे ते विचारतात. मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेच्या प्रमुखाने २०१९ मध्ये लिहिले होते की अमेरिकेत त्यांची जेवढी डिजिटल पुस्तके वाचली जातात त्यांतली ४५ टक्के ग्रंथालयांतून नेलेली असतात. लेखिकेला तिच्या कष्टाचे मोल मिळालेच पाहिजे यावर आपल्यात दुमत असायचे कारण नाही. बाईच्या कामाला फुकटचे समजू नका हे आपण आणखी कोणाला सांगायचे? पण त्याला दुसरी वाट आहे. ब्रिटनमध्ये ग्रंथालयातून पुस्तक नेले जाते त्याचा मोबदला सरकार लेखकाला देते. १९७९ च्या कायद्याने हे सुरू झाले आणि २०१८ च्या जुलैपासून घरबसल्या नेलेल्या डिजिटल पुस्तकांनाही लागू झाले. अमेरिकेत अशी तरतूद नाही. आपल्याकडेही नाही. मला लेखिकेच्या पोटाची काळजी वाहणारी ही वाट जास्त प्रामाणिक वाटते. वाचकाला सहा महिने ताटकळत ठेवून लेखिकेच्या ताटात नेमके किती पडते, हे परवान्याची किंमत सांगत नाही.

मॅकमिलनने त्या ४५ टक्क्यांवर उपाय काढला तो असा: १ नोव्हेंबर २०१९ पासून नवे पुस्तक निघाल्यावर पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय-व्यवस्थेला डिजिटल प्रत फक्त एक. मग शहरात दहा हजार वाचक असोत की दहा लाख. इथे ग्रंथपाल पेटून उठल्या. (ग्रंथपाल तिथे बहुसंख्येने स्त्रियाच आहेत. 'अजून नाही आले, ताई' हे वाचकाला सांगायचे आणि त्याचा राग झेलायचा, हे काम त्यांच्या वाट्याला. आपल्या अंगणवाडी सेविकेला विचारा, ती हे बरोबर ओळखेल.) सिॲटलभोवतीच्या किंग काउंटी ग्रंथालयाने मॅकमिलनची नवी डिजिटल पुस्तके घेणेच थांबवले, पाठोपाठ अनेक ग्रंथालयांनी बहिष्कार टाकला. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या निवेदनावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. १७ मार्च २०२० ला कंपनीने ही अट मागे घेतली. कोरोनाने ग्रंथालयांची दारे बंद होत होती, त्याचाही दाब होता हे खरे. पण जिथे ग्राहक एकेकटा असतो तिथे अट पाळली जाते, आणि जिथे ग्राहक एकत्र येऊन खरेदी थांबवतात तिथे ती वाटाघाटीचा विषय होते, हे आपण बचतगटांच्या धान्यखरेदीतही अनुभवले आहे.

कायद्याचा रस्ता मात्र कठीण निघाला. वाजवी अटींवर ग्रंथालयांना परवाने दिलेच पाहिजेत असा कायदा मेरीलँड राज्याने २०२१ मध्ये केला. प्रकाशक न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये तो रद्द ठरला, कारण कॉपीराइटचा विषय राज्याचा नाही, केंद्राचा. न्यूयॉर्कच्या गव्हर्नर बाईंनी असेच विधेयक २०२१ च्या डिसेंबरात परत पाठवले. २०२५ मध्ये कनेक्टिकटने दुसऱ्या बाजूने वाट काढली: मुदत आणि वेळा अशी दुहेरी मर्यादा असलेले परवाने सरकारी पैशातून ग्रंथालयांनी घेऊ नयेत. त्यातही अट आहेच. एकूण ७० लाख लोकसंख्येच्या दुसऱ्या राज्यांनी असाच कायदा केला तर तो लागू होईल. एकट्याने संप करायला लहान राज्यही घाबरते. कागदी पुस्तक स्वतः स्कॅन करून एका प्रतीमागे एका वाचकाला द्यावे, या इंटरनेट आर्काइव्हच्या पद्धतीलाही २०२४ च्या सप्टेंबरात अपील न्यायालयाने नकार दिला.

आता आपल्या दारात येऊ. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. गावोगावच्या संस्था वाचनालये चालवतात, सरकार अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान देते. या वाचनालयांसाठी वेगळा ग्रंथालय-कर आपल्याकडे नाही. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली तेव्हा ड वर्गाच्या वाचनालयाचे वर्षाचे अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार झाले. त्यातून ग्रंथपालाचे मानधन, वीज, वर्तमानपत्रे आणि पुस्तके. अमेरिकेतल्या दराने त्या ४८ हजारांत दहा परवाने येतील आणि दोन वर्षांनी तेही जातील. इथला भाव तो असणार नाही, हे मलाही कळते. पण 'विकत' ऐवजी 'भाड्याने' हा शब्द एकदा ठरावात घुसला की पुढच्या वर्षी भाव कोण ठरवणार, हा प्रश्न भाव कितीही असला तरी उरतो. गावच्या वाचनालयात साठ वर्षांपूर्वीचे, पिवळ्या पानांचे पुस्तक अजून हाती लागते ते वाचनालयाच्या मालकीचे आहे म्हणून.

डिजिटल वाचनालयाच्या घोषणा आपल्याकडेही होत आहेत. केंद्र सरकारने मुले आणि किशोरवयीनांसाठी अशा वाचनालयाची घोषणा २०२३ च्या अर्थसंकल्पात केली, आणि राष्ट्रीय ई-पुस्तकालय २०२४ मध्ये सुरू झाले. फुकट आहे, रांगही नाही. चांगलेच आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे पाहा. महाराष्ट्रात स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका ५४.८ टक्के. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका ३८ टक्के, पुरुष ६१.५ टक्के. आकडे आता वाढलेले असतील. पण वस्तीत मी पाहते, फोन घरात एक आणि तो भावाच्या खिशात. त्या मुलीची रांग ग्रंथालयाच्या ॲपवर लागत नाही. ती घरातच लागते, आणि तिचा नंबर भावाचा खेळ संपल्यावर येतो. वाचनालयाच्या टेबलावर तिला वापरता येईल असे एक टॅब आणि शाळा सुटल्यानंतरचा एक तास मिळाला नाही तर लाखो पुस्तकांचे पोर्टल तिच्यासाठी बंदच आहे.

म्हणून या अंकासोबत गटांना एक काम देते आहे. आपल्या गावच्या किंवा वॉर्डातल्या वाचनालयात दोघी-तिघी मिळून जा. सभासदांत बायका किती, कार्यकारिणीत किती, वाचनालय उघडे असते ती वेळ बायकांना जमणारी आहे का, हे विचारा. डिजिटल पुस्तकांसाठी कोणत्या कंपनीशी करार झाला असेल किंवा होणार असेल तर तो वाचायला मागा. पुस्तक मालकीचे की मुदतीचे, मुदत संपल्यावर काय उरते, एका वेळी किती वाचक, आणि कोणी काय वाचले याची नोंद कोणाकडे जाते, हे त्यात शोधा. शेवटचा मुद्दा विसरू नका. मारहाणीविरुद्धच्या कायद्याचे पुस्तक कोणी कधी उघडले हे घरातल्या माणसाला कळता कामा नये. ग्रंथपालबाईंना अडचणीत आणू नका, त्यांचे मानधन किती महिने थकले आहे तेही लिहून घ्या. माहिती पुढच्या अंकाआधी महिनाभर आमच्याकडे पोचेल अशी पाठवा. पोस्टकार्डावर मावेल तेवढी असली तरी चालेल.